पर कापलेली तिकिटं

माझ्या वडिलांनी साबणाने हात धुतले की घरातले सगळे श्वास सोडायचे. मासळीचे हात राखेने नाहीतर लिंबाच्या सालीने चोळायची आमच्याकडची पद्धत. गुलाबी साबण फक्त बाबांचा, आणि तोही एकाच कामासाठी. ते कोपरापर्यंत हात घासायचे, नखं तपासायचे, वेगळ्या ठेवलेल्या पांढऱ्या पंच्याने पुसायचे आणि मग पेटीतून तिकिटांचा आल्बम काढून खाटेवर मांडी घालून बसायचे. ज्या हातांनी जरा वेळापूर्वी आयला दाराच्या चौकटीवर आपटलेलं असायचं, त्याच हातांत आता बारीक चिमटा असायचा आणि चिमट्यात नखाएवढं पोस्टाचं तिकीट. त्यावर ते फुंकरसुद्धा हळू मारायचे. आय ओठाचं रक्त पुसत चुलीत लाकूड सारायची आणि मला डोळ्यांनीच सांगायची, आता भात वाढून घे, आता तासभर काही नाही. आमची जेवणं अशी साबणाच्या वासात व्हायची. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि गुलाबी साबण. आज माझ्या घरात चांगला साबण असतो, सुना-नातवंडं तो कितीही उधळतात, मी काही बोलत नाही. पण पाहुण्यांसमोर कोणी हात धुऊन आलं की माझं जेवण अजूनही घाईघाईने होतं.

डहाणूच्या बंदरावर आमचं घर होतं. दोन घरांमध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच जागा. एकाच्या घरातला खोकला दुसऱ्याच्या घरात ऐकू यायचा, मग मार ऐकू येणार नाही असं कसं होईल? पण त्यालाही वस्तीची रीत होती. कोणाकडे आवाज सुरू झाला की शेजारच्याने रेडिओ मोठा करायचा. आमच्यासाठी शेजारच्या हिराकाकू रेडिओ मोठा करायच्या आणि त्यांच्या घरात त्यांचा नवरा सुरू झाला की आय मला म्हणायची, "सुगे, बटन फिरव." म्हणून लहानपणी मला वाटायचं, रेडिओवरची सगळी गाणी मारामारीचीच असतात.

बाबा तरुणपणी परदेशी बोटींवर खलाशी होते. साहेब लोकांनी फेकलेल्या पाकिटांवरून, बंदरा-बंदरातल्या टपऱ्यांवरून त्यांनी ही तिकिटं जमवली होती. मग एका मुकादमाला त्यांनी जिन्यावरून ढकललं आणि त्यांचं जहाज कायमचं सुटलं. गावी आल्यावर त्यांना आमचा समुद्र डबकं वाटायचा. दुसऱ्यांच्या होड्यांवर जायचे, एका हंगामात कोणाचं तरी नाक फोडायचे आणि पुढच्या हंगामात दुसरी होडी शोधायचे. घरी येताना तोच राग दोरासारखा गुंडाळून आणायचे. कधी खरोखरच दोर असायचा, ओला, मिठाने ताठ झालेला. आयची एक बरगडी वाकडी जुळली होती. टोपली डोक्यावर घेताना ती त्या बाजूने किंचित झुकायची. माझा धाकटा भाऊ निलेश पाच-सहा वर्षांचा असताना एकदा जेवणाच्या हाताने आल्बमचं पान उलटायला गेला. बाबांनी त्याच्या कानशिलात अशी मारली की तो भिंतीवर जाऊन आदळला. त्या कानाने त्याला पुढे कधीच ऐकू आलं नाही. त्या दिवशीही बाबांनी आधी आल्बम पुसला.

"या आल्बममध्ये घर आहे, घर," ते प्यायल्यावर सांगायचे. "याला ओळखणारा भेटला ना, तर पक्कं घर येईल याचं. तुमची सात जन्मांची लायकी नाही." ओळखणारा कधी भेटला नाही आणि बाबांनी कधी शोधलाही नाही. आम्हाला त्या आल्बमचा तिटकारा होता. घरात भाताला तांदूळ नसला तरी तो पेटीत कापडात गुंडाळलेला, कापूर घातलेला असायचा. माझ्या आजीची शेवटची पाटली विकून त्यांनी भिंग आणलं होतं.

मग ज्या वर्षी माझी दहावी झाली, त्याच वर्षी बंदरावर वाटणीवरून भांडण झालं आणि बाबांनी होडीच्या तांडेलाला, होडीवरच्या म्होरक्याला, नांगराच्या साखळीने मारलं. मी तिथेच होते, बर्फाच्या पेटीशी. साखळीचा आवाज आधी आला आणि तांडेलाचा जबडा मग लोंबला. तो माणूस, ओरडायलाही जमेना म्हणून, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरून बसला आणि त्याच्या बोटांमधून रक्त मासळीवर गळत राहिलं. बाबा साखळी सोडायला तयार नव्हते. चौघांनी त्यांना वाळूत दाबलं तेव्हा पोलीस आले. त्यांना ठाण्याच्या तुरुंगात नेलं. जामीन द्यायला कोणी पुढे आलं नाही. आय तर नाहीच.

ते पहिले काही दिवस मला अजून चवीसकट आठवतात. आयने कोलीम, म्हणजे ओला जवळा, परतला होता, आणि तो आम्ही दुपारभर, भूक असो-नसो, खात बसलो. निलेश मोठ्याने हसला आणि हसून झाल्यावर त्याने सवयीने दाराकडे पाहिलं. संध्याकाळी वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढता काढता आयने मला सांगितलं, "सुगे, तो यायच्या आत निघायचं."

"कुठे?"

"तलासरीला. बाजाराच्या मागे खोली बघितलीय. बाई चांगली आहे, नवरा मेलाय."

नवरा मेलाय हे तिने खोलीला नळ आहे, अशा सुरात सांगितलं.

तलासरीच्या आठवड्याच्या बाजारात आय सुकी मासळी घेऊन बसायची. उधव्यापासून, वेवजीपासून पाड्यांवरची माणसं यायची, सुकट-जवळा घ्यायची, तिला नावाने ओळखायची. तिथून मला कॉलेजही जवळ पडणार होतं. पण खोलीवाल्या बाईला आगाऊ रक्कम हवी होती, आणि आमच्या घरात विकण्यासारखं एकच होतं. पंच समेट घडवू लागले होते. तांडेलाच्या घरच्यांनी भरपाई घ्यायचं कबूल केलं की बाबा सुटणार, हे सगळं बंदर बोलत होतं. म्हणजे आम्हाला वेळ तेवढाच होता.

"तो म्हणतो ना, यात घर आहे," आयने पेटी उघडून आल्बम बाहेर ओढला. "मग काढू या घर."

तिने तो हातात घेतला तेव्हा मी डोळे मिटले होते. कोणीतरी मारणार असंच मला वाटलं.

तिकिटं कोण घेतं हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! आयचा विचार सरळ. दूध डेअरीत जातं, मासळी बाजारात जाते, तर पोस्टाची तिकिटं पोस्टात. आम्ही आल्बम टोपलीत घालून पोस्टात गेलो. खिडकीमागच्या माणसाने दोन पानं उलटली.

"अहो बाई, ही वापरलेली तिकिटं आहेत. त्यात परदेशातली. आम्ही काय करू याचं?"

"मग बदलून द्या."

तो इतका हसला की मागचा माणूस उठून आला. त्याने आल्बमला नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं. "मुंबईला शौकीन असतात म्हणे, ते घेतात. पण हे असं? मळकं आहे, वर शिक्के मारलेत आणि बोंबलाचा वास येतोय. असला माल कोण घेणार?"

आयला कोणीही काहीही बोललेलं चालायचं, पण तिच्या मालाला वास येतो असं म्हटलेलं चालायचं नाही. तिने आल्बम ओढून घेतला. रस्त्याने जाताना ती माझ्यापुढे तरातरा चालत होती. "साफ न करता माल बाजारात नेला, माझंच चुकलं," एवढंच म्हणाली.

घरामागे भर दुपारी आम्ही बसलो. मोठ्या पातेल्यात कोमट पाणी केलं आणि आल्बमची पानं फाडून त्यात सोडली. डिंक सुटला, तिकिटं वर आली, मांदेलीच्या पिल्लांसारखी. आयने ती चाळणीने उपसली, बारीक विणीच्या जाळ्यावर वाळत घातली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वरून दुसरं जाळं टाकलं. काही तिकिटांचे रंग पाण्यात उतरले. ती तिने "ही मऊ पडली" म्हणून बाजूला टाकली, जसा पोट फुटलेला मासा टाकतात. वाळल्यावर तिने एक तिकीट उचलून उन्हात धरलं आणि कडेचे दाते न्याहाळले.

"पर तसेच ठेवलेत मेल्याने."

पापलेटचे पर कापल्याशिवाय शहरातलं गिऱ्हाईक त्याला हात लावत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. मी दहावी झालेली मुलगी. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पाकिटावर लावताना दाते असतातच, पण त्यांचा उपयोग काय, हे शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. आयने पर कापायची कात्री आणली. निलेश आणि मी सरळ रेघ धरून द्यायचो आणि ती कापायची. कच, कच. चारही बाजू.

पहिली काही तिकिटं तिने नुसतीच कापली. मग एक लाल तिकीट हातात आलं, त्यावर कुठल्यातरी राजाचं तोंड होतं. "ही बरगडीची," आय म्हणाली आणि कात्री मिटली. मी चमकून वर पाहिलं. तिचं लक्ष कामात होतं. "ही चौकटीची. ही मिरचीची." मिरचीची गोष्ट मी पाहिली होती, तिच्याबद्दल इथे लिहीत नाही. "ही निल्याच्या कानाची." निलेश ऐकू येणारा कान पुढे करून हसत होता, त्याला तो खेळ वाटला. म्हणाला, "आय, ही त्या दोराची कर." मग मीही सांगू लागले. माझ्याकडेही पुष्कळ होतं. उन्हात बसून आम्ही तिघं एकेक मार आठवत होतो आणि जमिनीवर दात्यांचा भुगा साचत होता, खवल्यांसारखा. संध्याकाळी आयने तो झाडून कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनी चोच मारून सोडून दिला.

खूप वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, एका शहरात तिकिटांचं प्रदर्शन भरलं होतं तिथे मी कामासाठी गेले होते. तिथल्या वृद्ध गृहस्थांना मी सहज विचारलं, दाते कापले तर काय होतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी एखाद्या लेकराचं बोट कापायचं विचारलं. "मग ते तिकीट राहत नाही, ताई. कागद होतो." शिक्काही जपायचा असतो, पाकिटासकट ठेवायचं असतं, कच्च्या रंगाचं तर पाण्यात मुळीच घालायचं नसतं, असं ते मायेने सांगत राहिले. मी आमच्या तिकिटांतल्या एखाद्याचं वर्णन करून किंमत विचारू शकले असते. विचारली नाही. आयने पर समजून कापले की समजून-उमजून कापले, हेही मी तिला ती असेतो विचारलं नाही. तिने मला पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घराण्यात पहिल्यांदा कोणी काळा झगा घालून फोटो काढला. एवढं जिने दिलं, तिची उलटतपासणी काय करायची?

बाजाराच्या दिवशी पहाटेच्या टेम्पोने आम्ही तलासरीला गेलो. सुक्या बोंबलांच्या शेजारी आयने पोतं अंथरलं आणि तिकिटांचे वाटे लावले. मासळीचा वाटा लावतात तसाच: खाली लहान, कडेने मधली, वर एक मोठं रंगीत, जहाजाचं नाहीतर पक्ष्याचं. शिक्क्याने काळी झालेली आत दडवलेली. हिराकाकूही आपली टोपली घेऊन पलीकडेच बसल्या होत्या, त्या उठून हात कमरेवर ठेवून बघू लागल्या.

"गो पारू, हे काय? नवऱ्याचं काळीज विकायला काढलंस?"

"काळीज असतं तर मांजरालाही नसतं घातलं. तिकिटं आहेत."

"येऊ दे त्याला. तुझेच वाटे लावील."

"तेव्हा तू रेडिओ लाव."

दोन-चार लोकांनी पोरांसाठी एखाद-दुसरा वाटा घेतला. बाकीचे बघून पुढे गेले. दुपारी एक झिंगलेला माणूस आला, वाट्यातलं वरचं तिकीट उचलून थुंकी लावून कपाळाला चिकटवलं आणि नाचू लागला. लोक हसले. आय म्हणाली, "ठेव." त्याने दुसरं उचललं आणि माझ्या गालाला लावायला हात पुढे केला. आयने तराजूची दांडी उचलून त्याच्या मनगटावर हाणली. हाड वाजलेलं मी ऐकलं. तो किंचाळून आयच्या झिंज्या धरायला आला तशी तिने दुसरी हाणली, गुडघ्यावर, मग तिसरी, तो पडल्यावर. तिसरीची गरज नव्हती. हिराकाकूंनी तिला मागून धरलं तेव्हाही दांडी तिच्या हातात उगारलेलीच होती. आमच्या घरातला मार फक्त एकाच माणसाकडे होता असं मी त्या दिवसापर्यंत समजत होते.

ही सगळी मारामारी रमणिकभाई पाहत उभे होते. चारोटीला हायवेवर ते नवीन हॉटेल बांधत होते आणि बाजारातून मिरची-लसणाची पोती न्यायला आले होते. पोट सुटलेले, पांढऱ्या कपड्यांतले. खाली सांडलेली तिकिटं त्यांनी वाकून उचलली आणि तळहातावर एकाला एक लावून पाहिली.

"बेन, आ कटिंग कोणे कर्युं?"

आयला वाटलं हेही हसणार. "मीच केलं. का?"

"एकदम सीधा छे. बघ ना, फट नाही राहत." ते आमच्याशी मराठी आणि गुजरातीची खिचडी करून बोलायचे. "माझ्या टेबलांवर काच टाकायची आहे. काचेखाली मी देवाचे फोटो टाकणार होतो, पण देवावर लोक जेवण सांडतील, पाप लागेल. आ देस-परदेसनुं सारूं लागशे. मुंबईची गाडीवाली पार्टी खूश. बधां आपी दो."

"सगळी?"

"बधां. खरं काय किंमत असते, मला माहीत नाही हं. फसवलं म्हणून मागून शिव्या नको."

"मलाही माहीत नाही," आय म्हणाली. "तुम्ही पण देऊ नका मागून."

मग त्यांनी मासळीसारखाच भाव केला, ओरडून, उठून जायचं नाटक करून, परत येऊन. खोलीचं काम झालं. आज मागे वळून पाहताना मला या माणसाबद्दल फार कृतज्ञता वाटते. त्यांनी आम्हाला दया दाखवली नाही, सौदा केला. वर विचारलं, "ताजी मच्छी पण आणते काय, बेन? हायवेवर पापलेट मागतात."

आम्ही तलासरीला राहायला गेलो. खोलीला खिडकी एकच होती, तिच्यातून बाजाराची मोकळी जागा दिसायची. निलेशला तिथल्या शाळेत घातलं, मी कॉलेजात अकरावीला नाव घातलं. आय पहाटे डहाणूला जाऊन लिलावातली मासळी उचलायची, थोडी चारोटीच्या हॉटेलात द्यायची, बाकीची तलासरीत विकायची. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जायचे. हॉटेल सुरू झालं होतं. काचेखाली आमची तिकिटं फरशीसारखी घट्ट बसवली होती. पक्षी, जहाजं, राण्या. लोक वरणाची वाटी सरकवून पोरांना देश दाखवायचे. मला ते पाहून एक विचित्र भीती वाटायची, उघड्यावर झोपल्यासारखी.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच धास्ती नको: आमच्यापैकी कोणी मेलं नाही.

समेट झाला आणि बाबा सुटले. बंदरावर आले तर घराला कुलूप. त्यांनी दार लाथेने पाडलं, पेटी उघडली आणि मग हिराकाकूंच्या घरात शिरले. हिराकाकूंनी आधी काही सांगितलं नाही. बाबांनी त्यांचा हात पाठीमागे पिरगळला, खांद्यातून निखळेपर्यंत. मग काकूंनी चारोटीच्या हॉटेलाचं सांगितलं. त्या दिवशी शेजाऱ्यांनी रेडिओ मोठा केला की नाही, मला माहीत नाही.

आम्ही हॉटेलच्या मागच्या दाराशी होतो. आय आचाऱ्याला पापलेट दाखवत होती, मी टोपलीवरचा बर्फ सारत होते. आतून काच फुटल्याचा आवाज आला. पेला पडला असेल असं आधी वाटलं, पण पाठोपाठ दुसरा आवाज आला, मोठा, आणि एक बाई किंचाळली.

बाबा मधल्या टेबलाशी उभे होते. बारीक झाले होते, केस कापलेले. त्यांनी मुठीने टेबलाची काच फोडली होती आणि तुकड्यांमधून तिकिटं उपसत होते. एक तिकीट डोळ्यांजवळ नेलं. बोटाने कड चाचपली. दुसरं नेलं. त्याचीही चाचपली. मग त्यांच्या छातीतून जो आवाज निघाला तो मी माणसाचा म्हणून कधी ऐकला नव्हता. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन एकदा होडीवर चढवला होता, त्याने तसा आवाज केला होता. त्यांनी खुर्ची उचलली. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब जेवत होतं. बापाने लेकराला उचललं तोच खुर्ची टेबलावर आली, ताटं उडाली, गरम डाळ त्या बाईच्या मांडीवर. तिसरं टेबल. चौथं. काचेवर नुसत्या मुठी घालत होते, मनगटापर्यंत हात लाल झाले होते. पोऱ्यांनी धरायला पाहिलं तर एकाच्या नाकावर डोकं मारलं. मग आचारी झारा घेऊन धावला आणि बाहेरून ट्रकचे ड्रायव्हर आले, एकाच्या हातात जॅकचा दांडा.

त्यांनी बाबांना मारलं. आमच्या देखत मारलं. मी आयुष्यभर जे होताना पाहायची इच्छा धरली होती ते समोर होत होतं, आणि मला उलटी झाली. पाठीवर, मांड्यांवर, पोटात लाथा. ते खाली पडले तरी मुठी उघडेनात. मुठींतून तिकिटांचे कोपरे बाहेर आले होते, रक्ताने भिजलेले.

"बस, बस, मरी जशे!" रमणिकभाई गल्ल्यावरून धावत आले. दांडा वरच थांबला. "कोण छे आ?"

एक पोऱ्या नाकावर फडकं दाबून म्हणाला, "शेठ, मच्छीवालीचा आहे. मघाशी तिचंच नाव विचारत होता."

सगळे आयकडे वळले. ती मागच्या दारात उभी होती, हातात पापलेट तसंच. रमणिकभाईंचा चेहरा बदलला. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेन, तमारो घरवाळो छे? असेल तर सांग. मी पोलिसांना नाही बोलवत. टेबलाचं जाऊ दे. तू घरी घेऊन जा, मलमपट्टी कर."

ते चांगल्या मनाने बोलले. चांगली माणसं असंच बोलतात. ड्रायव्हरसुद्धा बाजूला सरकले, नवरा-बायकोचं प्रकरण म्हणून. एका 'हो'मध्ये बाबा आमच्या टेम्पोत बसणार होते, आमच्या एका खिडकीच्या खोलीत येणार होते, आणि हे सगळे लोक आपण भलं केलं म्हणून जेवायला बसणार होते. मी आयचा पदर धरला. ती माझ्याकडे बघत नव्हती.

बाबांनी मान उचलली. एक डोळा बंद झाला होता. दुसऱ्याने त्यांनी आयला ओळखलं, मला ओळखलं. ओठ फाटले होते, तरी शब्द स्पष्ट आले.

"पारू, सांग यांना. माझी आहेत. माझी तिकिटं आहेत ही."

आम्ही थांबलो. मला वाटतं आयसुद्धा थांबली, आणखी काही येतं का म्हणून. निलेशचं नाव, माझं नाव, निदान एखादी शिवी. ते खाली पडलेल्या तुकड्यांकडे बघायला लागले होते आणि रक्ताळलेल्या बोटाने एक निळं तिकीट काचेखालून ओढत होते.

"खरं आहे, शेठ," आय म्हणाली. आवाज बाजारातला होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तिकिटं याचीच. मी न विचारता विकली. काय तुमचा हिशेब असेल तो माझ्या मासळीतून कापा." मग तिने बाबांकडे बोट केलं. "पण आम्ही याची नाही. पोलीस बोलवा."

एक ड्रायव्हर खाकरला. रमणिकभाईंनी आयच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि गल्ल्याकडे वळून फोन उचलला. बाबांना तिघांनी सुतळीने बांधून खांबाशी बसवलं. त्यांनी विरोध केला नाही. ते मुठीतली तिकिटं मोजत असावेत, ओठ हलत होते.

आयने हातातलं पापलेट टोपलीत ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि आचाऱ्याला हाक मारली.

"भाऊ, तोलून घे ना. बर्फाचं पाणी होतंय."

तो झारा खाली ठेवून आला. मी तराजू धरला.